कड्यावरून समुद्रगरुड

समुद्रगरुडाचा फोटो वाळूत उभं राहून काढला, तर हाती लागतं ते पांढरं पोट आणि त्यामागचं पांढुरकं आभाळ. हा पक्षी टिपायचा तर कडा चढावा. दापोली तालुक्यात हर्णै-आंजर्ल्याच्या पट्ट्यात काळा कातळ थेट समुद्रात उतरतो आणि माथ्यावर जांभ्याचा सडा पसरलेला असतो. हिवाळ्यात सकाळी जमीन तापू लागली, की समुद्रावरून वारा सुटतो, कड्यावर आपटतो आणि वर चढतो. गरुडाला नेमका हाच वारा हवा असतो. पंख न हलवता तो कड्याच्या कडेकडेने सरकत येतो, आपल्या नजरेच्या उंचीवर, कधी तर आपल्या पायांखालून.

किनारा पश्चिमेकडे तोंड करून असल्यामुळे सकाळचं ऊन छायाचित्रकाराच्या पाठीशी असतं. पण पहाटे वारा जमिनीकडून वाहतो, तेव्हा गरुड झाडावरच बसून राहतो. दुपारी वारा भरपूर, पण ऊन समोरून येतं आणि तापलेल्या सड्यावरची हवा थरथरून चित्राची धार जाते. म्हणजे मधले दोनेक तासच कामाचे. मागे काळा कातळ आला, की कॅमेरा फसतो, चित्र उजळ करतो आणि पोटावरचं एकेक पीस पांढऱ्यात विरून जातं. म्हणून उजेड आधीच थोडा कमी ठेवावा.

लांबून घार की गरुड असा घोळ होतो, तेव्हा पंख पाहावेत. घिरट्या घालताना समुद्रगरुड ते इंग्रजी ‘व्ही’सारखे वर उचलून धरतो. शेपटी आखूड, पाचरीसारखी. पूर्ण उघडलेले पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत सुमारे दोन मीटर भरतात. एके दिवशी मादी (ती नरापेक्षा मोठी असते) कड्याखालून वर आली, तेव्हा तिच्या पंजात समुद्रसाप होता. साप अजून वळवळत होता, चपट्या शेपटीवर ऊन चमकत होतं आणि तिचं लक्ष मात्र आंब्याच्या शेंड्यावरच्या घरट्याकडे होतं.

काटक्यांचं हे घरटं वर्षानुवर्षं तेच वापरलं जातं. दरवर्षी नव्या काटक्या रचून ते इतकं जड होतं, की जुनं, भक्कम झाडच ते पेलू शकतं. झाडाखाली माशांचे काटे आणि समुद्रसापांचे मणके विखुरलेले असतात. अशी झाडं बहुतेक कुणाच्या तरी बागेत किंवा आवारात असतात. वन्यजीव संरक्षण कायद्याने हा पक्षी जपला आहे खरा, पण माझ्या मते कोकणात तो टिकला आहे तो झाड न तोडणाऱ्या मालकांमुळे. तो आंबा ज्या बागेत होता, तिच्या मालकांनी मला पायवाटेवरच अडवलं. “पिल्लू हाय वरती. लांबनंच बघा हां.”

गरुडांच्या मागावर निघालेल्यांनी कोकणाला आणखीही काही दिलं आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेचे कार्यकर्ते २००२ मध्ये समुद्रगरुडांच्या सर्वेक्षणासाठी वेळासला गेले, तेव्हा त्यांना वाळूत कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. वेळासच्या कासव संवर्धनाची सुरुवात तिथून झाली.

संध्याकाळी हर्णै बंदरात मासळीचा लिलाव सुरू होतो. समोर सुवर्णदुर्ग, वर विटकरी पाठीच्या ब्राह्मणी घारी. हिवाळी पाहुणा ऑस्प्रे पाण्यात सूर मारतो. त्याचं बाहेरचं बोट मागे वळतं, त्यामुळे निसरडा मासा दोन्ही बाजूंनी घट्ट धरता येतो. तरीही तो मासा त्याला लाभेलच असं नाही. समुद्रगरुड वरून झेपावला, की ऑस्प्रे शिकार सोडून देतो आणि गरुड ती पाण्याला लागायच्या आत झेलतो. ही लूटमार मला दिवसातलं सर्वांत सुंदर उड्डाण वाटते.

घरट्याचा फोटो मी काढत नाही. अंडी उबवण्यात सुमारे सहा आठवडे जातात, त्यानंतर पिल्लू उडेपर्यंत दोन महिन्यांहून अधिक. या काळात माणूस वारंवार जवळ आला, तर जोडी घरटं टाकून देऊ शकते. कड्यावरचे फोटो प्रसिद्ध करतानाही मी तालुक्याचं नाव लिहितो, बागेचं नाही.