समुद्रस्नान आणि पंचांग

श्रावणी पौर्णिमा देशावर राखीची आणि श्रावणीची, कोकणपट्टीत मात्र नारळाची. त्या दिवशी कोळी बांधव वाजतगाजत किनाऱ्यावर येऊन सागराला श्रीफळ अर्पण करतात आणि पावसाळ्यात ओढून ठेवलेल्या होड्या पुन्हा पाण्यात लोटतात. आम्ही पडलो परभणी जिल्ह्यातील पेडगावचे. आमच्या जिल्ह्याला गोदामाईचे पाणी ठाऊक, सागराचे नव्हे. परंतु आता आमच्याकडील मंडळीही गणपतीपुळे, हरिहरेश्वर, दिवेआगर अशा सहली काढतात. देवदर्शन आणि हवापालट एकाच भाड्यात साधतो! यात वावगे काहीच नाही. कोकणातील कित्येक घरांची चूल आज या पाहुण्यांवर पेटते.

चिंता आहे ती निराळीच. दर पावसाळ्यात समुद्रात बुडालेल्यांच्या बातम्या येतात, आणि त्यांत घाटावरून आलेली तरुण मुले वारंवार असतात. नदीत पोहायला शिकलेला गडी येथे फसतो. नदीची ओढ एका दिशेची. सागराची लाट आणते तशीच माघारी नेते, आणि जाताना पायांखालची वाळूही काढून घेते.

धर्मशास्त्रात अश्वत्थ आणि सागर यांची जोडी सांगितली आहे. दोघांचेही सेवन करावे, पण एरवी स्पर्श करू नये. पिंपळाला शनिवारी शिवावे, समुद्राला पर्वकाळी. आजचे तरुण यावर हसतात. हसोत बापडे! परंतु विचारी वाचकाला येथे एक शंका येईल. पौर्णिमा आणि अमावास्या ही पर्वे, आणि सूर्यचंद्रांचे आकर्षण एकवटल्याने त्याच सुमारास समुद्राला उधाण येते. अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे मंद भरती असते. मग शास्त्राने अनुज्ञा दिली ती नेमकी उधाणाच्या दिवशी कशी? आमच्या मते अभिप्रेत आहे ते काठाशी केलेले स्नान, संकल्प आणि अर्घ्य. लाटांशी झुंज नव्हे. लाटांकडे पाठ करून छायाचित्रे काढणे तर कोणत्याच स्मृतीत बसत नाही.

किनाऱ्यावरच्या लोकांपाशी तिथीचे एक सोपे गणित आहे. पक्षातील तिथीला पाऊणने गुणावे, की पूर्ण भरतीची वेळ निघते. सकाळची आणि रात्रीचीही. गावागावांत थोडाफार फरक पडतो, पण अंदाज चुकत नाही. चतुर्थीला तीन वाजता. अंगारकीला गणपतीपुळ्यास गर्दी लोटते, तेव्हा दुपारी तीनच्या सुमारास पाणी चढलेले असणार, हे घरून निघतानाच पंचांगावरून कळावे. पौर्णिमेला सव्वाअकरा. तेथून सुमारे सहा तासांनी ओहोटी.

हरिहरेश्वराची प्रदक्षिणा तर या गणिताशिवाय करूच नये. ती वाट पायऱ्या उतरून थेट सागराच्या खडकांवर येते आणि ओहोटीलाच मोकळी होते. पावसाळ्यात ओहोटीलाही तेथे लाट अचानक उसळते, म्हणून त्या दिवसांत देवळातले दर्शनच पुरे मानावे. एरवी एकादशीला गेलेल्या वारकऱ्यांनी सकाळी सव्वाआठची भरती धरावी, भजन देवळातच आटोपावे आणि दुपारी दोनच्या सुमारास, ग्रामस्थांना विचारून, मग खाली उतरावे.