मुंग्यांची वाट कोण ठरवते?

भिंतीवरून साखरेच्या डब्याकडे निघालेली मुंग्यांची रांग आपण सर्वांनीच पाहिली आहे. इतक्या शिस्तीने चालणाऱ्या या पलटणीला कोणीतरी सेनापती असला पाहिजे, असे सहजच वाटते. मुंग्यांत राणी असते खरी. पण ती नावाचीच राणी. तिचे काम अंडी घालण्याचे, हुकूम सोडण्याचे नव्हे. मग हजारो मुंग्यांची वाट निवडतो तरी कोण?

सायमन गॉस, ज्याँ-लुई देनेबूर आणि त्यांचे ब्रुसेल्समधील सहकारी यांनी १९८९ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या बाबतीत मला फार उद्बोधक वाटतो. अर्जेंटिनी जातीच्या मुंग्यांचे घरटे आणि अन्न यांच्यामध्ये त्यांनी दोन फाट्यांचा एक पूल ठेवला. एक फाटा दुसऱ्याच्या दुप्पट लांब होता. सुरुवातीला मुंग्या दोन्हीकडे सारख्याच विखुरल्या. थोड्याच वेळात मात्र बहुतेक साऱ्या आखूड फाट्याने ये-जा करू लागल्या.

यात कोणत्याही मुंगीने अंतर मोजले नव्हते. या मुंग्या जाताना आणि येताना जमिनीवर एक गंधद्रव्य टेकवत जातात. जिकडे गंध जास्त, तिकडे मागून येणारी मुंगी बहुधा वळते आणि त्यात स्वतःची भर घालते. आखूड फाट्याने गेलेल्या मुंग्या अन्नापाशी आधी पोहोचल्या. परतताना त्यांना त्याच फाट्यावर गंध सापडला, म्हणून त्या त्यानेच परतल्या. तेथे गंध आधी दाट झाला, आणि गर्दीमुळे गर्दी वाढत गेली. निर्णय झाला, पण तो घेणारा कोणी नव्हता!

येथवर वाचून कोणीही म्हणेल, 'पाहा, समूहाचे शहाणपण!' परंतु याच संशोधकांनी आणखी एक गोष्ट करून पाहिली. आरंभी फक्त लांब फाटा ठेवला आणि आखूड फाटा अर्ध्या तासाने जोडला. जवळची वाट समोर खुली असूनही वसाहत लांबच्याच वाटेने चालत राहिली. तोवर लांब वाटेवर गंधाचा थर बसला होता, आणि तो लवकर उडूनही जात नव्हता. गंध सांगतो तो एवढेच, की येथून पुष्कळजण गेले. वाट चांगली आहे की नाही, हे तो सांगत नाही.

युरोपातील काळ्या बागमुंगीची गोष्ट थोडी निराळी आहे. लांब फाट्यावर गेलेली मुंगी, आपण भलत्याच दिशेला चाललो आहोत असे जाणवताच, मध्येच माघारी वळते. अशा एकट्या-दुकट्या माघारीमुळे तिची वसाहत उशिरा मिळालेली जवळची वाटही स्वीकारू शकते. पुढे १९९२ साली मार्को दोरिगो यांनी मुंग्यांवरून संगणकासाठी मार्ग शोधण्याची एक रीत बसवली. तीत कृत्रिम गंध मुद्दाम विरत जातो, म्हणजे जुनी निवड कायमची मानगुटीवर बसत नाही.

माणूस म्हणजे मुंगी नव्हे, हे मला मान्य आहे. तरीही विषय निवडताना, पुढारी निवडताना, किंबहुना मत बनवतानासुद्धा आपण किती वेळा केवळ पुढच्याचा माग काढत जातो! समूहाला एकत्र चालणे आवश्यकच आहे. पण त्या समूहात मध्येच थांबून मागे वळणारेही काहीजण हवेत. त्यांना वेडे ठरवण्यापूर्वी आपण निदान त्या बागमुंगीची आठवण ठेवावी.