गॉगल, तलाव आणि उसाचा ‘पोल’

कल्याण स्टेशनाबाहेर मी एकदा ‘पोलराइज्ड’ अशी चिठ्ठी चिकटवलेला गॉगल घेतला. घरी आल्यावर तो कॅल्क्युलेटरच्या पडद्यासमोर धरून गोल फिरवला. आकडे जसेच्या तसे दिसत राहिले! खरी काच एका विशिष्ट कोनात पडदा पार काळा करते. म्हणजे पैसे गेले ते नुसत्या काळ्या काचेला. वर अशा काचेमागे डोळ्याची बाहुली मोठी होते. काच अतिनील किरण अडवत नसेल, तर डोळ्याला जास्तच मार.

प्रकाशलहरीचे कंपन तिच्या प्रवासाला काटकोनात असते. सूर्यप्रकाशात ते उभे, आडवे, तिरके असे सगळ्या दिशांनी चालते. त्यांतली एकच दिशा उरली की प्रकाश ध्रुवित झाला. आपल्या डोळ्याला हा फरक फारसा कळत नाही. मधमाशी मात्र आकाशातल्या अशा उजेडावरून वाट काढते. पाठ्यपुस्तकांत खिडकीच्या गजांतून जाणाऱ्या दोरीचा दाखला देतात: उभ्या गजांतून उभी लाट जाते, आडवी अडते. गॉगलमध्ये घडते ते उलट. तिथल्या पापुद्र्यात ताणून एका दिशेला लावलेले लांब रेणू असतात आणि त्यांच्याच दिशेचे कंपन शोषले जाते.

ठाण्याच्या मासुंदा तलावावर, सूर्य क्षितिजापासून सुमारे 37 अंश वर असताना, पाण्यावरून डोळ्यांत येणारी तिरीप जवळजवळ पूर्णपणे आडवी ध्रुवित असते. खरा गॉगल ती पुसतो. मान कलती केली की ती परत येते. 1808 साली पॅरिसमध्ये मालूसने लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवरून परतणारे मावळतीचे ऊन कॅल्साइटच्या स्फटिकातून पाहिले, आणि परावर्तनाने ध्रुवण होते हे त्याला उमगले. कॅल्साइट आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणातल्या पोकळ्यांतही सापडतो.

डोंबिवलीत ऊस दिसतो तो रसवंतीवर. पण महाराष्ट्रात या प्रकाशावर पैशाचा मोठा हिशेब चालतो तो उसाचाच. साखरेचे द्रावण ध्रुवित प्रकाशाची कंपनदिशा उजवीकडे वळवते. साखर जास्त, तर वळण जास्त. कारखान्याच्या प्रयोगशाळेत रस निवळून नळीत भरतात आणि हे वळण मोजतात. त्या मापाला ‘पोल’ म्हणतात, ते ध्रुवणाच्याच इंग्रजी नावावरून. रसात, चोथ्यात, मळीत किती साखर आहे, हे त्यावरून ठरते. उसाचा दर उताऱ्याशी बांधलेला, म्हणून हे अंश थेट शेतकऱ्याच्या खिशापर्यंत पोहोचतात. तोडलेला ऊस उन्हात पडून राहिला की साखर फुटून द्राक्षशर्करा आणि फलशर्करा होते. फलशर्करा प्रकाश डावीकडे वळवते, तेही अधिक जोराने, आणि पोल घसरतो. तोडणीनंतर ऊस गाळपाला नेण्याची एवढी घाई असते ती यामुळे.