डिस्क भरली, रॅम संपली... खरंच?

लिनक्स सर्व्हर अडला की पहिल्या पाच मिनिटांत घाईघाईने जे केले जाते, त्याचेच निस्तरणे पुढे तीन तास चालते. मूळ दुखणे बहुधा साधे असते. आकडा चुकीचा वाचला जातो आणि त्यावर कुठेतरी ऐकलेले औषध दिले जाते. अशी औषधे मी स्वतःही भरपूर दिली आहेत, तेव्हा खालचे चिमटे आधी मलाच.

“रॅम संपली!”

१६ जीबी रॅमच्या मशीनवर ‘फ्री’ कमांड चालवली, ‘फ्री’च्या रकान्यात जेमतेम ३०० एमबी दिसले, की घाबरगुंडी उडते. काही जण तर दर तासाला कॅश रिकामी करणारी ओळ क्रॉनमध्ये टाकून मोकळे होतात. प्रत्यक्षात रिकामी पडलेली रॅम कुणाच्याच उपयोगाची नसते, म्हणून डिस्कवरून वाचलेल्या फाइली कर्नल तिथेच राहू देतो. त्या पुन्हा लागल्या तर हाताशी असतात आणि एखाद्या प्रोग्रामने जागा मागितली तर ही कॅश सोडून दिली जाते. दर तासाला ती पुसणे म्हणजे ओट्यावरचा मिसळणाचा डबा प्रत्येक फोडणीनंतर माळ्यावर ठेवून येणे.

बघायचा तो ‘अव्हेलेबल’चा रकाना. हा अंदाज कर्नल २०१४ पासून, म्हणजे ३.१४ या आवृत्तीपासून, स्वतः देतो. त्याआधीची पुस्तके वाचून शिकलेल्यांची नजर अजून जुन्या रकान्याकडे जाते, यात त्यांचा दोष नाही. स्वॅपमध्ये थोडे काही पडून असणे हाही आजार नव्हे. ‘व्हीएमस्टॅट’मधले ‘एसआय’ आणि ‘एसओ’ हे आकडे सतत पळत असतील, तर मात्र मशीनला धाप लागली आहे. आणि रॅम खरोखर संपली की कर्नल एखाद्या प्रोसेसचा बळी देतो व तसे लॉगमध्ये लिहूनही ठेवतो.

“फाइल पुसली की जागा सुटते”

हा माझा जुना पराक्रम. रात्रीचे अकरा वाजलेले, एका छोट्या कचेरीच्या सर्व्हरची डिस्क शंभर टक्के भरलेली. सर्वांत मोठी लॉग फाइल शोधली, ‘आरएम’ने उडवली आणि विजयी मुद्रेने ‘डीएफ’ चालवला. आकडा शंभरच. ‘डीयू’ची बेरीज मात्र डिस्कच्या आकारापेक्षा बरीच कमी येत होती. दोघांपैकी एक खोटे बोलतोय असे समजून मी आणखी चार फाइली पुसल्या, त्यांतली एक लागणारी निघाली.

खोटे कुणीच बोलत नव्हते. ‘आरएम’ फक्त फोल्डरमधले नाव खोडतो. एखाद्या चालू प्रोग्रामने ती फाइल उघडून धरली असेल, तर तो सोडेपर्यंत डिस्कवरचे ब्लॉक अडकलेलेच राहतात. ‘डीयू’ नावे धरून मोजतो, त्यामुळे त्याला नाव खोडलेली फाइल दिसत नाही. ‘डीएफ’ थेट फाइल सिस्टीमलाच हिशेब विचारतो. ‘एलएसओएफ’ला ‘+एल१’ जोडून चालवले की नाव गेलेल्या पण उघड्या राहिलेल्या फाइली आणि त्या धरून बसलेले प्रोग्राम समोर येतात. त्यातली ती एक सर्व्हिस रीस्टार्ट केली की जागा क्षणात मोकळी. चालू लॉग पुसायचा नसतो, तो जागच्या जागी रिकामा करायचा असतो किंवा त्याहून बरे म्हणजे ‘लॉगरोटेट’च्या हवाली करायचा असतो.

‘जागा नाही’ या संदेशामागे आणखी एक भानगड असते. ‘डीएफ’ चाळीस टक्के जागा मोकळी दाखवतो, तरी नवी फाइल तयार होत नाही. अशा वेळी ‘डीएफ -आय’ चालवावा. प्रत्येक फाइलला एक आयनोड लागतो, आणि ईएक्सटी४ मध्ये त्यांची संख्या फॉरमॅट करतानाच ठरते, साधारणपणे दर १६ केबीमागे एक. वेबसाइटच्या सेशन फाइली किंवा तुंबलेली मेल यांसारख्या लाखो चिमुकल्या फाइली साचल्या की आयनोड आधी संपतात, जागा नंतर. एक्सएफएस लागतील तसे आयनोड तयार करत जाते, त्यामुळे तिथे हा प्रसंग क्वचितच येतो.

‘यूज्ड’ आणि ‘अव्हेलेबल’ची बेरीज एकूण आकाराइतकी येत नाही, हीदेखील चोरी नव्हे. ईएक्सटी४ मुळात ५ टक्के जागा रूटसाठी राखून ठेवते. डिस्क गच्च भरली तरी रूटची कामे चालू राहावीत, हा हेतू. सिस्टीमच्या डिस्कवर ती व्यवस्था राहू द्यावी. पण फक्त फोटो आणि बॅकअप ठेवायच्या १ टीबीच्या डिस्कवर जवळजवळ ५० जीबी अडकवून ठेवण्यात अर्थ नाही. ‘ट्यून२एफएस -एम १’ने ती राखीव जागा एक टक्क्यावर आणता येते, डेटाला धक्का न लावता.

“लोड ४० म्हणजे सीपीयू कमी पडतोय”

लोडचे तीन आकडे म्हणजे १, ५ आणि १५ मिनिटांची सरासरी, आणि ते कोअरच्या संख्येशी ताडून बघायचे, इतके बहुतेकांना ठाऊक असते. पण १९९३ पासून लिनक्स या आकड्यात डिस्कची वाट बघत खोळंबलेल्या प्रोसेसही मोजतो. नेटवर्कवरची स्टोरेज डिस्क अडकली की लोड ४० वर जातो आणि सीपीयू निवांत बसलेला असतो. ‘टॉप’मध्ये ‘डी’ अवस्थेतल्या प्रोसेस दिसल्या तर नवा सीपीयू मागण्याआधी डिस्ककडे बघा.

या ‘डी’वाल्या प्रोसेसवर लोक ‘किल -९’ चालवतात आणि काहीच होत नाही म्हणून चिडतात. कर्नलच्या आत अडकलेली प्रोसेस बाहेर आल्याशिवाय सहसा तो सिग्नल घेत नाही. ‘झेड’ अवस्थेतली झोंबी तर मेलेलीच असते. तिच्या पालक प्रोसेसने अंत्यविधी उरकलेला नसतो, एवढेच. तेव्हा पालकाकडे जा. चांगल्या चालत्या प्रोसेसलाही आधी साधा ‘किल’ द्यावा, म्हणजे तिला आवराआवर करता येते. पोस्टग्रेसच्या एखाद्या अडलेल्या कनेक्शनवर ‘-९’ चालवून पाहा (नको, खरंच नको): डेटाबेस सगळीच कनेक्शन तोडून पुन्हा उभा राहतो.

“परवानगीची कटकट? ७७७ द्या”

माझ्या मते हे सर्वांत वाईट औषध. एक तर ते दार सताड उघडते. दुसरे म्हणजे कधी कधी त्याने दार बंदच होते. होम फोल्डरला ७७७ दिलेत तर एसएसएच सर्व्हर त्यातल्या कीवर विश्वास ठेवत नाही आणि तुम्हीच बाहेर राहता. खाजगी की इतरांना वाचता येत असेल तर क्लायंटही ती नाकारतो. कीला ६००, ‘.एसएसएच’ फोल्डरला ७००. फेडोरा किंवा रेड हॅटवर परवानग्या बरोबर असूनही नकार येत असेल, तर दोष एसईलिनक्सच्या लेबलचा असू शकतो. ‘रिस्टोरकॉन’ने ते अनेकदा सुटते.

सगळ्यांवरचे रामबाण औषध म्हणजे रीबूट. ते वाईट नाही, फक्त पुरावा पुसला जाऊ शकतो. ‘जर्नलसीटीएल -बी -१’ मागच्या बूटचा लॉग दाखवते, पण जर्नल डिस्कवर साठवला जात असेल तरच. ‘/व्हार/लॉग’मध्ये ‘जर्नल’ नावाचे फोल्डर आहे का ते आजच, सगळे सुरळीत चालू असताना, बघून ठेवा. नसेल तर रूट होऊन ते तयार करा आणि जर्नल सर्व्हिस रीस्टार्ट करा.