कुंड्या उन्हात निघतात तो दिवस

6:45
इटलीतलं पादुआ, मे महिन्याचा पहिला आठवडा. संत अंतोनियोच्या बॅसिलिकेजवळच्या गल्लीत आम्ही कॉफी पीत उभ्या आहोत. कॉफीच्या दुकानाला इथे बार म्हणतात. कॉफी काउंटरपाशी उभ्यानेच घ्यायची, खुर्चीवर बसलं की जास्त पैसे पडतात. एवढीशी एस्प्रेसो, 1 युरो 30 सेंट. माझी भाची इथल्या विद्यापीठात शिकते, आज दुभाषी तीच. आजचा दिवस ज्यांच्यासोबत काढायचा, त्या वनस्पतीबागेतल्या माळीणबाई आमच्याआधी येऊन थांबल्या होत्या. वय 54, पायात जाड बूट, पट्ट्याला छाटणीची कात्री. दोन घोटांत त्यांचा कप रिकामा. "चला, ऊन चढायच्या आत कुंड्या काढायच्यात."

7:00
बाजूच्या दारानं आत शिरलो. विद्यापीठाची ही वनस्पतीबाग 1545 सालची. फ्रान्चेस्को बोनाफेदे नावाचे प्राध्यापक औषधी वनस्पती शिकवत. पोरं पुस्तकं पाठ करत, पण झाड समोर आलं की गोंधळत. बाजारात एका मुळीच्या नावावर दुसरीच विकली जायची, आणि चुकीची मुळी माणसाच्या पोटात जायची. म्हणून त्यांनी बाग मागितली. व्हेनिसच्या सिनेटनं ती मंजूर केली. जगात विद्यापीठाची याहून जुनी बाग झाली, पण ती हलली. ही अजून त्याच जागेवर आहे.

हे सगळं मला भाचीनं चालता चालता सांगितलं. बाई तोवर काचघराचं कुलूप काढत होत्या.

7:15
आत निवडुंग आणि त्यांचं गोत. सगळा हिवाळा काचेखाली गेलेला. आज मोठ्या कुंड्या बाहेर काढायच्या. बाईंच्या हाताखाली एक तरुण मुलगा, दोन चाकांची ढकलगाडी, दोन रुंद पट्टे आणि जुन्या घोंगड्यांचे तुकडे. कुंडी मातीची, भाजलेली. माती आणि झाड धरून साठेक किलो तरी भरावी. आधी मुलगा कुंडी जराशी कलती करतो, बाई गाडीची जीभ खाली सरकवतात, मग पट्टा आवळायचा. काट्यांना घोंगडी गुंडाळायची. ती झाडासाठी नाही, गालांसाठी.

प्रत्येक कुंडीच्या काठावर खडूची एक उभी रेघ आहे. मी विचारलं. बाई म्हणाल्या, "ही बाजू दक्षिणेची. आत होती तशीच बाहेर ठेवायची. वर्षभर सावलीत राहिलेली बाजू एकदम उन्हाकडे वळवली तर भाजते, आणि तो डाग मग कायमचा."

मला हे ठाऊक नव्हतं. घरच्या गॅलरीतल्या कुंड्या मी झाडताना कशाही फिरवत आले.

8:50
सव्वीस कुंड्या झाल्या. मुलाच्या पाठीला घामाचा नकाशा. बाई गुडघ्यावर बसून चाकात अडकलेला खडा काढतात. त्यांच्या हातमोज्यांची दोन बोटं फाटलीत. नवी चांगली जोडी दहा-बारा युरोला येते, ही अजून महिनाभर चालवायची म्हणतात. कात्री मात्र स्वतःची, स्वतःच्या पैशांची. ती कोणाला देत नाहीत.

9:30
आता पाणी. बागेचा जुना भाग गोल भिंतीच्या आत आहे. ही भिंत 1552 मध्ये बांधली, चोरांमुळे. औषधी झाडं महाग होती, रात्रीतून उपटून न्यायचे. दाराशी दगडावर लॅटिनमध्ये नियम कोरलेत: फूल तोडू नका, फांदी मोडू नका, बी नेऊ नका. मोडणाऱ्याला दंड, तुरुंग, हद्दपारीसुद्धा.

आत वाफे छोटे छोटे, दगडी कडांचे. प्रत्येक वाफ्यात एकच जात. पाइप वाफ्यावरून फरफटला तर कोवळं रोप मोडतं, म्हणून बाई पाइपाचं वेटोळं खांद्यावर घेऊन फिरतात. जिथे बी नुकतं रुजलंय तिथे झारी. एका झारीत दहा लिटर. मी मोजायला लागले, सोळाव्या झारीला सोडून दिलं.

10:40
पर्यटक येऊ लागले. बहुतेक थेट अष्टकोनी काचघराकडे जातात. आत एकच झाड आहे, बुटक्या जातीचा ताड, 1585 मध्ये लावलेला. शिवाजी महाराजांच्या जन्माआधी पंचेचाळीस वर्षं. मी कठड्याला हात लावून उभी राहिले आणि काही क्षण बोलताच आलं नाही. बुटकी म्हणवणारी ही जात इथे काचेच्या आडोशानं पार वर गेली आहे.

1786 च्या सप्टेंबरमध्ये जर्मन कवी गटे इथे आला होता. त्यानं या ताडात पाहिलं: खालची पानं साधी, भाल्यासारखी. वर जावं तशी ती चिरत जातात, शेवटी पुरता पंखा होतो. झाडाचे सगळे अवयव म्हणजे एकाच पानाची रूपं असावीत, हा त्याचा विचार इथे पक्का होत गेला. 1790 मध्ये त्यावर त्यानं पुस्तक काढलं.

बाई शिडी लावून वाळलेली पानं कापत होत्या. देठाला दोन्हीकडून काटे. पान हातात घेताना त्या ते देठाकडून नाही, पंख्याकडून धरतात. एकूण चार पानं निघाली. ती गाडीत टाकण्याआधी त्यांनी एक मला दाखवलं. "गटे, गटे," त्या म्हणाल्या आणि चिरांवरून बोट फिरवलं.

12:30
जेवण. अवजारांच्या खोलीमागे बाक आहे. बाईंच्या डब्यात थंड भात, त्यात ट्यूना, मटार आणि ऑलिव्ह. भाचीनं आमच्यासाठी पोळी आणि बटाट्याची भाजी आणली होती. बाईंनी एक घास घेतला, पिवळी झालेली बोटं पाहिली आणि म्हणाल्या, "कुर्कुमा." हळदीचं शास्त्रीय नाव. झाड त्यांना पानावरून माहीत, चव आज पहिल्यांदा.

त्या नावानं मला गार्सिया द ओर्ता आठवला. हा पोर्तुगीज वैद्य 1534 मध्ये गोव्याला आला, मुंबई बेट त्याच्याकडे भाडेपट्ट्यानं होतं. त्याचं पुस्तक 1563 मध्ये गोव्यातच छापलं, त्यात हळदही आहे, हिंगही आहे. पुस्तकाच्या शीर्षकात ‘सिंपल’ हा शब्द येतो, एकट्या औषधी झाडासाठी, आणि या बागेचंही मूळ नाव त्याच शब्दावरून पडलेलं. काष्ठौषधीच्या दुकानात पुड्या बांधून मिळतं ते सगळं या शब्दात बसेल.

भाचीनं पगाराचं विचारलं. बाईंनी लपवलं नाही. हातात चौदाशे युरोच्या आसपास येतात. दोन खोल्यांचं भाडं साडेसहाशे. सायकल आहे, त्यामुळे बसचा खर्च नाही. त्यांचा मुलगा बोलोन्याला असतो. गुडघ्याला पट्टा बांधतात, तो स्वतःच्या खर्चानं.

13:30
हौदावर काम. यातल्या पाणवनस्पतींना कोमट पाणी लागतं. ते जवळपास 300 मीटर खोलवरून येतं, साधारण 24 अंशांचं, वाहतं. बाई मांडीपर्यंतचे रबरी बूट घालून उतरल्या. लांब दांड्याच्या जाळीनं शेवाळ काढायचं, काठावर पसरायचं, तासभर तसंच ठेवायचं. त्यात अडकलेले किडे, गोगलगायी परत पाण्यात जातात. मग ढीग टोपलीत. ओलं शेवाळ किती जड असतं ते टोपली उचलल्यावर कळलं. मी एकच उचलली.

14:40
जिन्कोखाली झाडलोट. झाड 1750 चं, नर. एकोणिसाव्या शतकात शिकवण्यासाठी त्याच्यावर मादी फांदीचं कलम केलं. आता त्या फांदीला बिया येतात. "शरद ऋतूत या," बाई नाक मुरडून म्हणाल्या. पिकलेल्या बियांना सडक्या लोण्याचा वास येतो. लोक पाय देतात, मग तो वास बुटांबरोबर सगळ्या वाटांवर. त्या दिवसांत कामावर आल्या आल्या आधी इथला झाडू.

15:30
उरलेल्या कुंड्या. दुपारभर ऊन होतं, आता ढग आलेत. अशा वेळी काढणं बरं. सकाळपासूनच्या मिळून अठ्ठेचाळीस झाल्या. त्यांच्यावर जाळीचं सावलीचं कापड ताणलं, पहिले दहा दिवस ते राहणार. हाताखालचा मुलगा पट्टे गुंडाळून गेला. बाईंनी कात्री तेलाच्या फडक्यानं पुसली, खुरपी धुऊन खुंटीला लावली.

16:10
कपडे बदलून, सायकल घेऊन त्या निघाल्या. आम्ही दारापर्यंत सोबत. काचघराजवळ त्या थांबल्या. तिसऱ्या रांगेतल्या कुंडीवर खडूची रेघ पूर्वेला होती. सायकल भाचीच्या हातात दिली, कापडाखाली वाकल्या, कुंडीला दोन्ही हातांनी मिठी घातली आणि थोडी थोडी करत रेघ दक्षिणेला आणली. धुतलेल्या सदऱ्याला माती लागली. ती झटकून त्यांनी सायकल परत घेतली.