मक्याचे पीठ : नाव जुने, धान्य नवे

मक्याचे मूळ स्थान मेक्सिको. सुमारे ९,००० वर्षांपूर्वी तेथे तिओसिंते या रानगवतापासून हे पीक विकसित झाले. १४९२ नंतर ते जगभर पसरले, तेव्हा अनेक समाजांनी या नवागत धान्याला परिचित धान्याचेच नाव दिले. तमिळमधील ‘मक्काचोळम्’, तेलुगूतील ‘मोक्कजोन्न’ आणि कन्नडमधील ‘मेक्केजोळ’ या तिन्ही नावांचा उत्तरार्ध ज्वारीवाचक आहे. इंग्रजीत ‘कॉर्न’ म्हणजे मुळात कोणतेही धान्य. म्हणून मका ‘इंडियन कॉर्न’ झाला आणि त्याचे पीठ ‘इंडियन मील’. येथील ‘इंडियन’ हे विशेषण भारताचे नसून अमेरिकेतील मूळ रहिवाशांचे आहे. इटलीतील ‘पोलेंता’ हे नाव तर रोमन काळी जवाच्या भरड्याला होते.

आयर्लंडमध्ये १८४५ साली करप्याने बटाट्याचे पीक नष्ट केले. पंतप्रधान रॉबर्ट पील यांनी अमेरिकेतून सुमारे एक लाख पौंडांचा मका मागविला. हा टणक दाणा दळण्याची व शिजविण्याची रीत तेथे कोणास ठाऊक नव्हती. अर्धवट दळलेल्या त्या पिवळ्या पिठाने पोटे बिघडली आणि लोकांनी त्याला ‘पीलचे गंधक’ असे नाव दिले.

धान्य पोहोचले, पण त्यासोबतचे ज्ञान मागे राहिले, याची किंमत इतरत्र अधिक मोठी ठरली. मेक्सिकोत मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, भिजत ठेवून मग वाटतात. या ‘निश्तमाल’ प्रक्रियेमुळे दाण्यात बद्ध असलेले नायसिन शरीराला उपलब्ध होते. युरोपने ही प्रक्रिया स्वीकारली नाही. परिणामी केवळ मक्यावर जगणाऱ्या गरीब शेतकऱ्यांत त्वचा, पचनसंस्था व मेंदू यांना ग्रासणारा पेलाग्रा पसरला. स्पेनमध्ये गास्पार कासाल यांनी १७३५ मध्ये त्याची नोंद केली; १७७१ मध्ये इटलीत त्याला हे नाव मिळाले.

या उणिवेवर वाणसंशोधनानेही उत्तर शोधले. १९६४ मध्ये ‘ओपेक-२’ जनुकाचा प्रथिनांच्या गुणवत्तेवरील प्रभाव उघड झाला. त्यावर आधारित शक्ती, रतन व प्रोटिना हे भारतीय वाण आले. परंतु अशा मक्याचा मऊ दाणा किडीला बळी पडे. पुढे सुरिंदर वसल व इव्हँजेलिना विलेगास यांनी टणक दाण्याचा गुणवत्तापूर्ण प्रथिनयुक्त मका विकसित केला. त्यात लायसिन व ट्रिप्टोफॅन अधिक असते. ट्रिप्टोफॅनपासून शरीर नायसिन तयार करते.

मेवाड, झाबुआ, दाहोद, नंदुरबार या भागांत मक्याची भाकरी व राब हे आजही नित्याचे अन्न आहे. तेथे वाणाची निवड करताना उत्पादनाइतकाच दाण्यातील पोषणाचा विचार व्हावा. भाकरीसोबत डाळ, ताक व पालेभाजी यांची जोडही टिकावी.