पहिली खेळी होण्यापूर्वी

समजा, जळगावच्या एका बुद्धिबळ स्पर्धेत नववीतली एक मुलगी आणि धुळ्याचे एक शिक्षक समोरासमोर बसले आहेत. मुलीचे रेटिंग 1600, गुरुजींचे 1800. पहिले प्यादे हलण्यापूर्वी तुम्ही काय भाकीत कराल? ‘गुरुजी जिंकणार’ एवढेच ना? गणित याहून नेमके सांगते.

मूळचे हंगेरीचे अर्पाद एलो अमेरिकेत पदार्थविज्ञान शिकवीत. त्यांनी बसवलेली रेटिंगची पद्धत जागतिक बुद्धिबळ महासंघाने 1970 साली स्वीकारली. दोन रेटिंगमधला फरक घ्या : 200. त्याला 400 ने भागा : अर्धा. 10 चा अर्धा घात म्हणजे 10 चे वर्गमूळ, 3.16. त्यात 1 मिळवा आणि त्या बेरजेने 1 ला भागा. उत्तर 0.24. (वही घेऊन करून पाहा, नुसते वाचून हे पचत नाही.) विजयाला 1 व बरोबरीला अर्धा गुण धरला, तर असे शंभर डाव झाल्यास मुलीला सुमारे 24 गुण मिळावेत. 24 विजय नव्हेत, हे ध्यानात ठेवा!

डाव संपला की मिळालेल्या गुणातून 0.24 वजा करायचे आणि गुणकाने गुणायचे. अठरा वर्षांखालील, 2300 हून कमी रेटिंगच्या खेळाडूचा गुणक 40. गुरुजींसारख्या मुरलेल्या खेळाडूचा 20. म्हणून मुलगी जिंकली तर तिला 30.4 अंक मिळतात, पण गुरुजींचे 15.2 च जातात! ती हरली, तर तिचे 9.6 जातात.

जुलै 2025 मध्ये जॉर्जियातील बातुमी येथे महिला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात नागपूरची दिव्या देशमुख (2463) कोनेरू हंपीशी (2543) खेळली. फरक 80. दोन मुख्य डावांत दिव्याकडून 0.78 गुणांची अपेक्षा होती. दोन्ही डाव बरोबरीत सोडवून तिने 1 गुण मिळवला. मग 28 जुलैला जलद डावांत तिने विश्वचषकच जिंकला.

आपल्या डावात आता तिसावी खेळी झाली आहे. मोहरी समसमान. गुरुजी बरोबरी देऊ करतात. घेतली तर मुलीला 10.4 अंक पक्के. पण गुरुजींच्या घड्याळात चारच मिनिटे उरली आहेत, आणि सूत्राला घड्याळ दिसत नाही. तिने काय करावे, ते वर्गात वाद घालून ठरवा. बरोबरीत गुरुजींचे किती अंक जातात, तेही काढा. उत्तर 5.2 यायला हवे.